निरीक्षणगृहातील आमची पोरं आणि पाचवे शील

मीरा-भाईंदरमध्ये एखाद्या चोरीत, मारामारीत किंवा पोक्सोच्या गुन्ह्यात अठरा वर्षांखालचा मुलगा सापडला की वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते आणि तिची शेवटची ओळ बहुतेक वेळा एकच असते : विधिसंघर्षग्रस्त बालकाची रवानगी भिवंडीच्या बालसुधारगृहात करण्यात आली. बातमी तिथे संपते, मुलगा मात्र संपत नाही. तो तिथे दहा दिवस राहतो, दोन महिने राहतो, कधी त्याहून जास्त, आणि मग त्याच गल्लीत, त्याच नाक्यावर, त्याच देशी दारूच्या दुकानासमोर परत येतो. आत असताना त्याला कोणी काय शिकवले, हा प्रश्न ना बातमीदार विचारतो, ना नगरसेवक विचारतो. आणि खरे बोलायचे तर आपली चळवळही विचारत नाही.

ही पोरे कोणाची आहेत, हे वेगळे सांगायला हवे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशभर अल्पवयीनांविरुद्ध तीस हजारांवर गुन्हे नोंदले गेले आणि त्यात महाराष्ट्र वरच्या रांगेत आहे. पकडलेल्या मुलांपैकी चारातली तीन सोळा ते अठरा वयोगटातली. मोठ्यांच्या तुरुंगाची आकडेवारी जातनिहाय छापली जाते, म्हणून तिथे दलित, आदिवासी, मुसलमान त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत हे दरवर्षी दिसते. मुलांच्या बाबतीत तो रकाना छापला जात नाही. पण बाल न्याय मंडळाच्या दारात सकाळी उभ्या असलेल्या आया पाहिल्या की रकान्याची गरज उरत नाही. त्या धुणीभांडी करणाऱ्या आहेत, नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या आहेत, पालिकेच्या ठेकेदाराकडे झाडू मारणाऱ्या आहेत. पारध्याचा पोर तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का अजून कपाळावर घेऊन फिरतो. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातल्या डोक्यातून तो कधी रद्द झाला नाही.

मीरा-भाईंदर हे गाव कसे वाढले ते आठवा. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. मुंबईत घर परवडेना म्हणून चाकरमानी आला, त्याच्या मागून त्याच्या घरात काम करणारी बाई आली, तिच्या मागून स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारणारा पोरगा आला. इमारती उठल्या, मॉल उठले, आणि महामार्गाच्या कडेला काशिमीऱ्यापासून लॉज आणि ऑर्केस्ट्रा बारची रांग उठली. २००५ साली डान्स बारवर बंदी आली, ती न्यायालयात टिकली नाही, २०१६ साली नवा कायदा आला, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही अटी सैल केल्या. या सगळ्या वर्षांत काशिमीऱ्यावरच्या छाप्यांच्या बातम्या थांबल्या नाहीत. अशा गावात वाढणारा पंधरा वर्षांचा मुलगा बाईचे शरीर विकले जाताना पाहतो, दारू दिवसाढवळ्या पाहतो, अलीकडे एमडीची पुडीही पाहतो. त्याला सगळे दिसते. समजावून सांगणारा मात्र एकही माणूस त्याच्या आयुष्यात नसतो. नाही म्हणायला लोकलच्या डब्यात चिकटवलेली गुप्तरोगाच्या भोंदू वैद्यांची पत्रके आहेत आणि मोबाईलवरच्या घाणेरड्या फिती आहेत. आमच्या पोरांचे लैंगिक शिक्षण या दोन विद्यापीठांत चालते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बाल न्याय अधिनियम २०१५, अंमल १५ जानेवारी २०१६ पासून. त्याच्या ५३ व्या कलमात बालगृहांनी आणि निरीक्षणगृहांनी मुलांना काय काय द्यायचे याची यादी आहे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, शिक्षण, कौशल्य, जीवनकौशल्य, मानसिक आरोग्य, समुपदेशन आणि गरज असेल तिथे व्यसनमुक्ती. प्रत्येक मुलाची स्वतंत्र संगोपन योजना करायची, हेही त्यात आहे. यादी चांगली आहे. पण त्या यादीत लैंगिक आरोग्य हे दोन शब्द नाहीत. जीवनकौशल्य या गुळगुळीत शब्दात ते बसवता येतात, पण बसवायचे की नाही हे अधीक्षकाच्या मर्जीवर. आणि अधीक्षक हा शासकीय माणूस, त्याला बदलीची भीती. कोणी तक्रार केली की मुलांना घाण शिकवतात, तर नोकरी जायची. मग तो योगासने घेतो, प्रार्थना घेतो आणि पंधरा ऑगस्टला खाऊ वाटतो.

याच कायद्याचे १५ वे कलम वाचा. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घोर अपराधाचा, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक तपासणी करते. त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता किती होती आणि परिणाम समजण्याची त्याची कुवत होती काय, हे पाहते. कुवत होती असे ठरले तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येतो. म्हणजे परिणाम समजत होते की नव्हते याची परीक्षा शासन घेणार, पण तो विषय आयुष्यात एकदाही शिकवणार नाही. शाळेत धडा नाही, वस्तीत धडा नाही, निरीक्षणगृहात धडा नाही, आणि थेट परीक्षा! तीही अशी की नापास झाला तर बालक आणि पास झाला तर गुन्हेगार.

पोक्सोचे गणित तर आमच्या शिकल्यासवरल्या कार्यकर्त्यांनाही नीट ठाऊक नसते. २०१२ च्या या कायद्याने संमतीचे वय १६ वरून १८ वर गेले. सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडली, राजीखुशीने जवळ आली, तरी कायद्याच्या भाषेत तिची संमती ही संमतीच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक संबंधाच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षे आणि मुलगी सोळाच्या आतली असेल तर किमान वीस वर्षे शिक्षा आहे. दहा म्हणजे सातापेक्षा जास्त, म्हणजे घोर अपराध, म्हणजे पुन्हा ते १५ वे कलम. हा हिशेब पेणकरपाड्याच्या किंवा गणेश देवल नगरच्या कुठल्या पोराला कोणी सांगितला आहे? त्याला वाटते, ती हो म्हणाली म्हणजे झाले. दुसऱ्या टोकाला असाही पोरगा आहे, ज्याला ती नाही म्हणाली तरी काही वाटत नाही, कारण सिनेमात हिरोईन आधी नाहीच म्हणते. दोघांनाही एकाच खोलीत कोंडले जाते आणि दोघांनाही काहीच सांगितले जात नाही. पहिल्याला कायदा सांगायला हवा. दुसऱ्याला आधी हे सांगायला हवे की समोरची माणूस आहे, मग कायदा.

आणि इथे जात येते. ती येणारच. पोरगी वरच्या जातीची आणि पोरगा आपला असला की पोक्सोची तक्रार कोण करते? मुलगी करत नाही, तिचा बाप करतो, गावचा पुढारी करतो. हे तरी बरे म्हणावे, कारण २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्ड्याला दहावी-बारावीच्या वयाच्या दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून झाडाला लटकवले, आणि २०१७ साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. ज्या समाजाच्या पोराला प्रेमाची किंमत जिवाने द्यावी लागते, त्या समाजाने प्रेम, शरीर, संमती आणि कायदा या विषयांना लाजून चालेल काय? वरच्या जातीच्या मुलींपासून दूर राहा असे आपल्या पोरांना शिकवायचे नाही, तो तर मनूचाच धडा होईल. पण वय म्हणजे काय, संमती म्हणजे काय, तक्रार झाली तर पोलीस ठाण्यात काय बोलायचे, वयाचा दाखला कुठला मागायचा, मोफत वकील कुठून मिळतो, हे त्याच्या पाठ असायला हवे.

काही ज्येष्ठ समाजबांधव म्हणतात, हे विषय आपल्या संस्कृतीत बसत नाहीत. कुठली संस्कृती, आणि आपली कधी झाली? रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन या विषयांवर वाचकांच्या शंकांना शास्त्रीय उत्तरे देत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्या खटल्यात त्यांच्या बाजूने कोर्टात बॅरिस्टर म्हणून उभे कोण राहिले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही, लोकांनी शंका विचारल्या तर त्यांना ज्ञान देणे हा गुन्हा नव्हे, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुण्या-मुंबईच्या ज्या शहाण्यासुरत्या वर्गातून कर्वे आले होते तो वर्ग घरात बसून होता, आणि महाडचा सत्याग्रह करणारा माणूस त्यांच्या वकीलपत्रावर सही करत होता. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आला, तो स्वतंत्र मजूर पक्षाचाच. पी. जे. रोहम यांनी तो मांडला. तोही नामंजूर झाला. ज्या बापाने नव्वद वर्षांपूर्वी हे धाडस केले, त्याच्या लेकरांनी आज निरोध हा शब्द उच्चारताना आवाज खाली करावा!

सरकार तर आवाज खाली करून थांबले नाही, त्याने तोंडच बंद केले. २००७ साली शाळांमधून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो थांबवण्यात आला. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक अशा इतर राज्यांनीही तेच केले. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नकोच असे मत दिले. त्या २००७ साली जे मूल जन्मले, ते आज अठरा पूर्ण करून गेले. एक अख्खी पिढी भोंदू वैद्यांच्या स्वाधीन केली गेली. आणि आता ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लैंगिक शिक्षण नववीपासून नव्हे, त्याच्या आधीपासून द्यायला हवे. हे न्यायालय कुठल्या प्रकरणात बोलले ते लक्षात घ्या. शाळेच्या प्रकरणात नाही, एका पंधरा वर्षांच्या विधिसंघर्षग्रस्त मुलाच्या जामिनाच्या प्रकरणात. युनेस्कोने जगभरचा अभ्यास पाहून २००९ साली आणि पुन्हा २०१८ साली हेच सांगितले, की असे शिक्षण दिल्याने मुले लवकर बिघडत नाहीत. तरीही आपल्याकडे ‘बिघडतील’ हा एक शब्द सगळ्या अभ्यासांवर भारी पडतो. जे आधीच निरीक्षणगृहात पोचले, ते आणखी काय बिघडणार आहेत, हे तरी सांगा.

आत आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जड जाते, पण बोलायला हवी. जिथे मुलगे एका खोलीत रात्रभर कोंडलेले असतात, तिथे थोरला धाकट्यावर जबरदस्ती करू शकतो. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांत बारा हजारांवर मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाची गोष्ट सांगितली, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून थोडे जास्तच होते. मुलग्यावर अत्याचार होतो हेच आपल्या समाजाच्या डोक्यात शिरत नाही. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, हे त्या मुलग्याला ठाऊक नाही. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात काय चालले होते ते २०१८ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पाहणीतून बाहेर आले. बाहेरची माणसे आत गेली, मुलींशी बोलली, म्हणून ते कळले. लैंगिक शिक्षण म्हणजे फक्त रोगराईचा धडा नव्हे. आपल्याला झालेल्या गोष्टीला नाव काय आणि ती कोणाला सांगायची, हे कळणे हाच त्यातला पहिला धडा आहे. शब्दच नसेल तर तक्रार कशी होणार?

आता दारू. इथे आपण सगळे हुशार असतो, कारण पाचवे शील तोंडपाठ असते आणि बावीस प्रतिज्ञांमधली सतरावीही. पण पाठ असणे आणि शिकवणे यांत फरक आहे. बाबासाहेबांनी दारूचा प्रश्न केवळ शीलाचा म्हणून पाहिला नाही, तो अर्थसंकल्पाचा म्हणूनही पाहिला. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी हिशेब मांडला, की या इलाख्यात शिक्षणावर सरकार माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे दारूतून घेता, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. आज शंभर वर्षे होत आली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले, त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जादा मिळतील असे सांगितले गेले. त्या चौदा हजार कोटींतून निरीक्षणगृहातल्या पोरासाठी एक समुपदेशक तरी नेमला जाणार आहे काय? बाबासाहेबांची मागणी नुसती भिवंडीपुरती लावून पाहा. आमच्या बापांनी गुत्त्यावर टाकलेल्या पैशातला एक आणा जरी त्यांच्याच पोरांच्या व्यसनमुक्तीसाठी परत आला, तरी चित्र बदलेल.

महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला वय पंचवीस लागते, बिअरला एकवीस. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाकडून दारूची ने-आण करून घेणाऱ्यालाही ७८ व्या कलमाने तेवढीच शिक्षा. पंधरा वर्षांचा पोरगा दारू पिऊन भांडला की त्याच्यावर गुन्हा नोंद होतो. त्याला क्वार्टर विकणाऱ्या दुकानदारावर ७७ लागते काय? मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले. तेव्हापासून या कलमाखाली किती गुन्हे नोंदले, माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकून विचारण्यासारखे आहे. दहा रुपयांचे काम.

पुण्याचे २०२४ चे प्रकरण विसरता येत नाही. सतरा वर्षांचा बिल्डरचा मुलगा पबमध्ये दारू पिऊन महागडी गाडी चालवतो, दोन तरुण अभियंत्यांना चिरडतो, आणि काही तासांत जामीन होतो. अट काय, तर तीनशे शब्दांचा निबंध आणि व्यसनमुक्तीचे समुपदेशन. लोक निबंधावर हसले, चिडले. पुढे ससून रुग्णालयातले रक्ताचे नमुने बदलल्याचे उघड झाले, डॉक्टरांना अटक झाली. मला त्या आदेशातली दुसरी अट महत्त्वाची वाटते. श्रीमंताच्या मुलाला पहिल्याच दिवशी समुपदेशन आठवते. आमच्या पोराला ते का आठवत नाही? निबंध नको, समुपदेशन द्या, आणि ते जामिनाची मेहेरबानी म्हणून नको, कायद्यात लिहिलेला हक्क म्हणून द्या.

शिकवायचे म्हणजे काय शिकवायचे? इथे आपल्या मंडळींचा एक गोड गैरसमज आहे, की पांढऱ्या कपड्यातला माणूस उभा करून सडलेल्या यकृताची चित्रे दाखवली आणि शपथ घेतली की झाले. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी शाळांत जाऊन मुलांना नशेपासून परावृत्त करण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला, तो देशभर पसरला, आणि पुढच्या अभ्यासांत दिसले की त्याचा टिकाऊ असर होत नाही. नुसती भीती घातली की मुलगा मान डोलावतो आणि बाहेर जाऊन पहिला घोट घेतो. ज्याच्या घरात बाप रोज पितो, आईला मारतो, त्याला दारू वाईट असते हे सांगायला तुमची गरज नाही. ते त्याच्या पाठीवर लिहिलेले आहे. त्याला सांगायचे ते वेगळे. मेंदूचा जो भाग धोका तोलतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो आणि दारू नेमकी त्यालाच आधी झोपवते, म्हणून त्या रात्री चाकू बाहेर आला. रोज पिणारा एकदम बंद झाला की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटकेही येऊ शकतात. तो आजार आहे, नाटक नव्हे, आणि निरीक्षणगृहाच्या पहिल्या तीन दिवसांत हे ओळखणारा माणूस हवा. मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे मेली आणि विक्रोळीत २००४ साली ऐंशीच्या वर, ती दारूने नव्हे, तिच्यात मिसळलेल्या मिथेनॉलसारख्या विषाने. मिथेनॉल डोळ्यांची नस आधी मारते, म्हणून पिणाऱ्याला अंधारी आली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. नशेत बेशुद्ध पडलेल्या दोस्ताला उताणा झोपवायचे नाही, कुशीवर वळवायचे. असे शिकवले तर पोरगा ऐकतो, कारण त्याला आपल्या दोस्ताचा जीव वाचवायचा असतो.

दारूबरोबर व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशनही घ्यायला हवे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत एक विलक्षण गोष्ट दिसली. हुंगायच्या नशेचे प्रमाण मुलांमध्ये मोठ्यांच्या दुप्पट आहे, शंभरात एकाहून जास्त मूल. दारू महाग पडते, व्हाइटनर स्वस्त. भूकही मरते. स्टेशनच्या फलाटावर राहणाऱ्या पोराला ते जेवणाच्या जागी चालते. त्यातल्या काहींचे काळीज पहिल्याच खेपेला बंद पडते, हे त्याला कोण सांगणार?

लैंगिक आरोग्याचेही तसेच. स्वप्नदोष हा दोष नाही, हस्तमैथुनाने अंग गळत नाही, ही दोन वाक्ये जरी नीट सांगितली तरी भोंदू वैद्यांचा धंदा बसेल. गुप्तरोग बहुतेक औषधाने बरे होतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने माणसाला न विचारता ती करता येत नाही. धोक्याचा संबंध आला तर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करता येते. हे सांगायला सरकारची माणसे आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून आहे, महाराष्ट्रात त्याच्या दवाखान्याचे नाव ‘मैत्री’. पण मैत्री दवाखाना आरोग्य खात्याचा, निरीक्षणगृह महिला व बाल विकास खात्याचे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याची, दारूचा महसूल उत्पादन शुल्क खात्याचा. चार खात्यांच्या मध्ये पोरगा उभा, आणि प्रत्येक खाते म्हणते हा आमचा नव्हे. त्यांच्यात मेळ घालायला जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. त्याने ठाण्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला पत्र लिहून दर आठवड्याला एक डॉक्टर आणि एक समुपदेशक भिवंडीला मागितला, तर कुठला नवा कायदा लागणार आहे?

डोंगरीच्या निरीक्षणगृहाची इमारत पूर्वी तुरुंग होती. १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथे एकशेएक दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यानंतर त्याच भिंतींआड हजारो पोरांनी एकशेएकाहून कितीतरी जास्त दिवस काढले. त्यांच्यापैकी कोणाला लिहिता यावे, एवढेही शिकवले गेले नाही.

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे हा आपला जुना आजार आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या मागे कोण काय पिऊन नाचते, हे आपण पाहत नाही काय? वर्गणीत बार मालकाची पावती फाडतो आणि मंचावर पंचशील घेतो. पोराने पहिला घोट अनेकदा आपल्याच मंडळाच्या मांडवामागे घेतलेला असतो. आणि तो पोरगा निरीक्षणगृहातून परत आला की त्याच मंडळाचे लोक आपल्या पोरांना सांगतात, त्याच्याशी बोलू नका, तो आत जाऊन आलाय. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले त्यांनीच आपल्या लेकराला वस्तीच्या बाहेर ठेवावे, याला काय म्हणायचे?

काहीजण म्हणतील, आधी पोरांना नोकऱ्या द्या, मग दारू आणि निरोधाचे धडे द्या. नोकऱ्या हव्यातच. पण सोळाव्या वर्षी एचआयव्ही झालेल्या किंवा वीस वर्षांच्या शिक्षेत अडकलेल्या पोराला नोकरी कुठली देणार? दुसरे म्हणतात, असे लिहिलेत की आपल्या समाजाची बदनामी होते, सगळे आपल्याला दारुडे आणि लफंगे म्हणतील. म्हणू देत. न लिहिता ते काय कमी म्हणतात?

करायचे काम फार मोठे नाही. मीरा-भाईंदरमधल्या प्रत्येक विहाराने दोन माणसे ठरवावीत, शक्यतो एक बाई आणि एक तरुण. परिचारिका, सरकारी दवाखान्यातली समुपदेशक, वकील, शिक्षक अशी माणसे आपल्यात आता पुष्कळ आहेत, तीच बाबासाहेबांची कमाई. त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी मागणी करावी, की निरीक्षणगृहात लैंगिक आरोग्य आणि व्यसन या विषयांची ठरलेल्या दिवसाची सत्रे हवीत, ५३ व्या कलमाचा उल्लेख करून. मुले थोडेच दिवस राहतात, म्हणून वर्षभराचा अभ्यासक्रम नको. प्रत्येक सत्र स्वतंत्र असावे, एकाच मुलाला एकच मिळाले तरी त्याच्या हाती काही लागावे. शिकवणाऱ्याने शिपाई आणि काळजीवाहक यांना बाहेर बसवावे, नाहीतर एकही पोरगा तोंड उघडणार नाही. लिहिता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठीऐवजी तोंडी प्रश्न घ्यावेत, आणि कोणत्याही प्रश्नाला हसू नये. मुलाच्या सुटकेच्या दिवशी त्याच्या खिशात १०९८ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे दोन क्रमांक असावेत, आणि बाहेर त्याला न्यायला आई एकटी नसावी. चुकून कोणी त्याचे नाव, फोटो मोबाईलवर फिरवले तर ७४ व्या कलमाने तो गुन्हा आहे, हे मंडळाच्या पोरांना आधीच सांगून ठेवावे.

पंधरा दिवसांनी विहारात रविवारची वंदना झाली की त्याच पोराला सतरंज्या उचलायला बोलवावे आणि नंतर चहा पाजत विचारावे, भिवंडीत काय शिकवले रे? तो जे सांगेल, ते लिहून ठेवावे. वर्षभरात अशी वीस पोरांची उत्तरे जमली, तर ती घेऊन पुण्याला महिला व बाल विकास आयुक्तालयात जाता येईल.